बिनचावीचा चक

शनिवारी सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या मागच्या बाल्कनीतून घुंईंईं असा आवाज सुरू होतो. आवाज सुरू झाला की आई स्वयंपाकघराची खिडकी लावून घेते आणि मी चहाचे दोन कप घेऊन बाल्कनीत जातो. बाबा रिटायर झाल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, हा आमच्या घरचा नियम. शुक्रवारी रात्री रिलीजच्या नादात कितीही वाजता लॅपटॉप मिटलेला असो, त्या घुंईंईंपुढे झोप टिकत नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी मात्र आवाजच नाही. नऊ वाजले, तरी शांत. मी आपला उठून बघायला गेलो. बाबा स्टुलावर बसलेले. डाव्या हातात रोटरी टूल, उजव्या हातात त्याच्याबरोबर येतो तो इवलासा स्पॅनर. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जरा हे सैल करून दे रे."

मी एका झटक्यात नट सैल केला, टूल परत दिलं आणि चहा आणायला आत गेलो. आत गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. या माणसाने भोसरीच्या एका टूलरूममध्ये ३४ वर्षं काढलीत. केसाच्या जाडीचा फरक नखाने सांगणारा माणूस. त्याला बोटाएवढा नट सैल होत नव्हता, आणि हे आजचं नव्हतं. आजवर कधी बोलले नव्हते एवढंच.

डॉक्टर म्हणाले, अंगठ्याच्या मुळाशी सांध्याची झीज आहे, दोन्ही हातांना. वय आणि कामाचं स्वरूप. औषध, शेक, व्यायाम, आणि "चिमटीत जोर लावायचं काम टाळा". नेमकं हेच तर काम आहे! रोटरी टूलचा बिट बदलायचा म्हणजे एका अंगठ्याने लॉकचं बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने स्पॅनर फिरवायचा. कोरीव काम करताना हे तासाला पंधरा-वीस वेळा तरी होतं. ढोबळ उकरायला एक बिट, कडा काढायला दुसरा, डोळ्यात जायला तिसरा, मग सँडपेपरचा ड्रम, मग परत पहिला.

आणि घाई होती. मोशीला मी घेतलेल्या फ्लॅटचा ताबा मिळणार होता, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत करायचं ठरलं होतं, आणि त्या दाराच्या वर बसवायची गणेशपट्टी बाबा स्वतः कोरणार होते. लाकूडही ठरलेलं. जुन्नर तालुक्यातलं आमचं गावाकडचं घर पडलं तेव्हा त्याच्या चौकटीची वरची फळी तेवढी धड निघाली. आजोबांच्या वेळचा सागवान. टेम्पोला बांधून नाशिक हायवेने, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास काढून ती निगडीला आणली. एकच फळी. बिघडली तर दुकानातून दुसरी आणता येणार नाही.

म्हणून मी इंजिनिअर असल्यासारखं वागलो. गूगल केलं.

इथे ज्यांनी रोटरी टूल हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हे टूल म्हणजे मुठीत मावणारी मोटर. मिनिटाला पाच हजारापासून तीस-पस्तीस हजारांपर्यंत फेरे घेते. अमेरिकेत अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ मध्ये कंपनी काढली, तिचं नाव आता या जातीच्या कुठल्याही टूलला चिकटलंय, जसं आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो. आमचं टूल ड्रेमेल नाही, पण आई त्यालाही "ड्रिमल" म्हणते. मोटर सगळ्यांची जवळपास सारखीच. खरा प्रश्न असतो तो टोकाशी: बिट धरायचा कसा?

एक पद्धत कॉलेटची. लीड पेन्सिल आठवते का? मागचं बटण दाबलं की पुढचं पितळी तोंड उघडतं, सोडलं की लीडला आवळून धरतं. ते तोंड म्हणजे कॉलेटच. चिरा पाडलेली एक छोटी नळी, बाहेरून निमुळती. वरून नट आवळला की निमुळता भाग आत दाबला जातो, चिरा मिटतात, आणि बिटची दांडी चारही बाजूंनी एकसारखी आवळली जाते. दोष एकच. पाचच्या पेन्सिलीत सातचं लीड जात नाही, तसंच कॉलेटचं. ३.२ मिमीच्या कॉलेटला ३.२ चीच दांडी लागते.

दुसरी पद्धत चकची. ड्रिल मशिनला असतो तसाच, फक्त बाळ. आत तीन जबडे, तिरप्या खाचांतून पुढे सरकत एकमेकांजवळ येणारे. याची कथा मजेशीर आहे. पूर्वी चक आवळायला पाना लागायचा. अमेरिकेतल्या आर्थर जेकब्ज नावाच्या कारागिराची बोटं तसलाच एक चक आवळताना सोलवटली, आणि त्यातून त्याने दातेरी चावीने आवळायचा चक काढला. १९०२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. अजूनही आपल्याकडे प्रत्येक वर्कशॉपमध्ये ती दात असलेली चावी ड्रिलला दोरीने बांधलेली असते, आणि ऐन वेळी सापडत नाही ती नाहीच. मग पुढच्या लोकांनी चावीच काढून टाकली. नुसत्या हाताने रिंग फिरवायची, झालं. हा बिनचावीचा चक. रोटरी टूलसाठीही मिळतो. कॉलेटचा नट काढायचा, त्या जागी हा बसवायचा, आणि ०.८ पासून ३.२ मिमीपर्यंत जे असेल ते धरायचं.

हे वाचून मी खूश! त्याचं कारणही सांगतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बिट्सचा काही मेळ नसतो. एका पाकिटात दांडी ३ मिमीची, दुसऱ्यात इंचाच्या एक अष्टमांशाची, म्हणजे ३.१७५ मिमीची. डोळ्याला दोन्ही सारख्याच, पण कॉलेटला तो पावणेदोन दशांशाचा फरक बरोबर कळतो. एकेका मापाला एकेक कॉलेट ठेवा, ती बदला, हरवा, सोफ्याखाली शोधा. त्यापेक्षा सगळ्यांना एकच चक. आम्ही ऑफिसमध्ये दिवसभर हेच करतो ना? पाच फंक्शन्स लिहिण्याऐवजी एकच लिहायचं, काहीही द्या, घेईल. मला तर हा चक म्हणजे अगदी आमच्यातलाच वाटला.

दोन दिवसांत पार्सल आलं. बाबांनी चक हातात घेतला, रिंग दोनदा फिरवली, जबडे उघडले-मिटले, उजेडाकडे धरून आत पाहिलं. "बरा आहे," म्हणाले. ३४ वर्षांच्या टूलरूमच्या भाषेत याचा अर्थ "बघू" असा होतो.

पण पहिला आठवडा मस्त गेला हो. बाबा सरावाची फळी कोरत होते. सरावाला आम्ही पाइन वापरतो, तोही फुकटातला. चाकणच्या कारखान्यांत परदेशातून मशिनं आणि पार्ट्स ज्या लाकडी खोक्यांतून आणि पॅलेटवर येतात, त्यांचा. त्यावर गव्हाच्या कणसाचा शिक्का असतो, आणि शेजारी 'एचटी' अशी अक्षरं असली की समजायचं, लाकडातली कीड मारायला ते गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान अर्धा तास तापवलंय. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते आम्ही घरात आणत नाही. पूर्वी असलं लाकूड कुदळवाडीच्या भंगारवाल्यांकडे हवं तेवढं मिळायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली हजारो शेड्स पाडली, तेव्हापासून ओळखीपाळखीने मिळवावं लागतं. असो.

तर त्या पाइनवर बाबांची सोंड, कान, मुकुट असं जोरात चाललं होतं. बिट बदलायला मला हाक नाही. हातावर पट्टा बांधून, मधेमधे शेकून, पण स्वतःचं स्वतः. आई म्हणाली, "बरं झालं बाई, चिडचिड कमी झाली." मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या रविवारी मी बाल्कनीतच होतो. बाबा सोंडेच्या वळणावर गोल बिटने आडवं उकरत होते. आवाज अचानक बदलला. घुंईंईंचं घर्रर्र झालं, टूल हातात थरथरलं, आणि बिट चकमधून अर्धा बाहेर सरकून वाकडा फिरायला लागला. बाबांनी स्विच बंद करेपर्यंत तो सोंडेवरून उड्या मारत मारत गेला आणि फळीवर बोटभर लांबीची खाच पाडून बाहेर पडला. बाल्कनीच्या ग्रिलवर टण्ण आवाज झाला. डोळ्यांवर गॉगल होता, कोणाला काही लागलं नाही. पण मी उभा होतो तिथून ते ग्रिल हातभर अंतरावर होतं.

"तुम्ही नीट आवळला नसेल," मी पटकन बोलून गेलो. बोलल्याक्षणी कळलं, काय बोललो ते.

बाबा काही बोलले नाहीत. उठले, आतून त्यांची लाकडी पेटी आणली, आणि तिच्यातून डायल काढला. तुमच्या घरात जसे जुने अल्बम असतात तसा आमच्या घरात डायल इंडिकेटर आहे, मॅग्नेटच्या स्टँडसकट. टूल व्हाइसमध्ये बांधलं. त्याच बिटची दांडी आधी कॉलेटमध्ये, मग चकमध्ये धरली. दोन्ही वेळा नट मलाच आवळायला लावला. "तूच आवळ. नीट." मग टोकापासून वीसेक मिमीवर डायलची पिन टेकवली आणि प्लग काढून ठेवून हाताने सावकाश एक फेरा फिरवला.

कॉलेटमध्ये काटा ०.०४ मिमी हलला. बिनचावीच्या चकमध्ये ०.२०. मी बिट काढून परत लावला, ०.१६. परत लावला, ०.२२. दर वेळी नवा आकडा.

"आता तू गणित कर, इंजिनिअर आहेस ना," बाबा म्हणाले.

केलं. मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत आलेल्या माणसाला असा दिवस क्वचित मिळतो! डायल ०.२० दाखवतो तेव्हा बिटचा मध्य ०.१० मिमी सरकलेला असतो. मिनिटाला २०,००० फेरे म्हणजे सेकंदाला ३३३. बिट ५ ग्रॅमचा धरला तर मध्य सुटल्यामुळे तो बाहेर ओढतो तो जोर निघतो साधारण २२० ग्रॅम वजनाएवढा. म्हणजे एक ग्लासभर पाणी सेकंदाला ३३३ वेळा त्या चिमुकल्या जबड्यांना चारही दिशांना हिसके देतंय. कॉलेटमध्ये हाच जोर ४५ ग्रॅमच्या आसपास. आणि फेरे दुप्पट केले की जोर चौपट. टूलचा स्पीड आणखी वाढवला असता तर काय झालं असतं ते मी वहीत लिहिलं आणि आईला दाखवलं नाही.

पण बाबांना माझ्या गणितापेक्षा दुसरीच गोष्ट सांगायची होती. ते म्हणाले, "चक वाईट नाही रे. चक ड्रिलसाठी केलाय. ड्रिल सरळ आत जातं, जोर दांडीच्या रेषेत. वर लाकूड जितकं अडवतं तितका असला चक अजून आवळतो. आपण कोरताना आडवं ढकलतो. इकडून ढकल, तिकडून ढकल. तीन जबडे म्हणजे तीन रेषांवर धरलंय. हलवत बसलं की रिंग मागे फिरते. तू कितीही आवळ."

म्हणजे गंमत बघा. ज्या गुणाला मी भुललो, तोच त्याचा दोष. कुठल्याही मापाची दांडी धरायची तर जबड्यांना सरकायला जागा हवी. सरकायला जागा म्हणजे फट. फट म्हणजे डळमळ. त्यात लाकडाचा भुसा खाचांत बसला की तीनपैकी एक जबडा मागे राहतो, आणि दर वेळी डायलवर नवा आकडा. शिवाय चक कॉलेटच्या नटापेक्षा लांब, त्यामुळे बिटचं टोक हातापासून आणखी दूर जातं. लांब दांड्याच्या झाऱ्याने बारीक रांगोळी काढायला सांगितल्यासारखं. कॉलेट एकाच मापाला कबूल होतं, म्हणून ते माप घट्ट धरतं.

महागडे, चांगले बिनचावीचे चक याहून खूप अचूक असतात हे खरं. मिलिंग मशिनवर वापरतात ते बाबांनी हाताळलेत, त्यांच्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. पण तेसुद्धा ड्रिलसाठीच. मिलिंगचा कटर बांधायचा झाला की तिथेही कॉलेटच निघतं. रोटरी टूलवरचा बाळचक तर त्याहून दोन पायऱ्या खाली.

"मग गणेशपट्टी?" मी विचारलं.

"या चकने नाही. आजोबांच्या फळीवर तर नाहीच."

"मग मी बसतो ना शेजारी. मी बदलून देतो बिट."

"तासाला वीस वेळा? तू ऑफिसला गेल्यावर?" ते हसले. "राहू दे. बघू."

पुढचे दोन शनिवार आवाज आला नाही. फळी चादरीत गुंडाळून कपाटामागे उभी होती. बाबा पेपर वाचत होते, पेपर वाचून झाल्यावर तोच पेपर परत वाचत होते. आईने खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली आणि एकदा मला म्हणाली, "तो आवाजच बरा होता रे."

पटाशी आणि मोगरी घेऊन करा, असं सुचवणं सोपं आहे. पुण्यातल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागावरचं सागवानी काम बघा, तिथे कुठली मोटर होती? पण पटाशीला तर मनगट आणि अंगठा दोन्ही लागतात. बाबांचा प्रश्न यंत्र हवं की हात, असा नव्हताच. यंत्रामुळेच त्यांचे हात अजून चालू होते.

आणि उत्तर कुठे सापडावं? तर डेंटिस्टच्या खुर्चीत.

दाढेचं रूट कॅनॉल होऊन वरची तात्पुरती कॅप घासून बसवायचं काम चाललं होतं. डॉक्टर हातात कॅप धरून एका सरळ हँडपीसने तिची कड घासत होत्या. मधेच थांबल्या, हँडपीसची रिंग दोन बोटांनी किंचित फिरवली, टिक्. बिट निघाला. दुसरा घातला, रिंग उलटी, टिक्. परत सुरू. चावी नाही, स्पॅनर नाही, बटण नाही. माझ्या तोंडात कापूस आणि नळी. मी "ऑं ऑं" करून बोट दाखवलं तर त्या म्हणाल्या, "दुखतंय का?"

कापूस निघाल्यावर पहिला प्रश्न विचारला तो बिलाचा नव्हता. त्यांनी शांतपणे दाखवलं. आत कॉलेटच असतं. चिरा पाडलेली नळी, लीड पेन्सिलवाली. फक्त तिला आवळायचं काम नटाऐवजी आतली स्प्रिंग आणि निमुळती बाही करते, आणि रिंग फिरवली की ती पकड सुटते किंवा बसते. जोर बोटांनी लावायचा नसतोच. दात तयार करणाऱ्या लॅबमध्ये दिवसभर याच मायक्रोमोटरवर काम चालतं.

बिनचावीचा, पण चक नव्हे! मी ज्या दोन गोष्टींना एकच समजत होतो त्या दोन होत्या. हाताने सुटतं की पान्याने, हा एक प्रश्न. जबडे धरतात की कॉलेट, हा दुसरा. मी पहिल्याचं उत्तर शोधताना दुसऱ्याचं उत्तर नकळत बदलून बसलो होतो. ऑफिसात असा बग सापडला की आम्ही एकमेकांना ट्रीट मागतो.

घरी येऊन पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की लाकूड कोरणाऱ्यांच्या जगात ही वाट जुनीच आहे. अमेरिकेतली फोरडॉम ही कंपनी १९२२ पासून लवचिक शाफ्टच्या मोटरी करते, आपल्या सराफांकडे खुंटीला टांगलेली असते तसली. त्यांच्या एकाच शाफ्टला चावीच्या चकचा हँडपीस लागतो, कॉलेटचा लागतो आणि खटका दाबून बिट बदलायचाही लागतो. तिन्ही विकतात. म्हणजे त्यांनीही यातला एकच श्रेष्ठ असं ठरवलेलं नाही, आणि ठरवलेलं नाही तेच बरोबर आहे.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. या डेंटल हँडपीसला २.३५ मिमीचीच दांडी चालते. म्हणजे आमच्या डब्यातले सगळे ३ आणि ३.१७५ चे बिट त्यासाठी बाद. मोटरमध्ये ताकदही कमी. फेरे भरपूर, पण दाबून ढकललं की आवाज बसतो आणि हँडपीस तापतो. त्याने सागवानात खोल उकरत बसलात तर आठवड्यात लॅबवाल्याकडे दुरुस्तीला. सागवानात मुळातच सिलिका असते, ती बिटची धार खाते, हे वेगळंच. आणि मोटर पूर्ण थांबल्याशिवाय रिंगला हात लावायचा नाही, हा नियम.

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माप एकच, म्हणजे खरं धरणार." आणि चपला घातल्या.

पुण्यात डेंटल सामानाच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "सर, डॉक्टर की टेक्निशियन?" बाबा म्हणाले, "सुतार." तो मुलगा दोन सेकंद बघत राहिला, मग त्याने आतून तीन हँडपीस आणून ठेवले. बाबांनी प्रत्येकाची रिंग पाच-पाच वेळा फिरवली. मला वाटलं ते क्वालिटी बघतायत. नंतर कळलं, ते अंगठा दुखतो का ते बघत होते. जो सगळ्यात मऊ फिरला तो घेतला. तिघांत स्वस्त तोच निघाला, हे नशीब. बरोबर ॲक्रिलिक घासायचे चार कार्बाइड कटर घेतले. ते लाकडावर झकास चालतात.

घरी आल्यावर अर्थात डायल निघाला. ०.०२ मिमी. बाबांनी काट्याकडे बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. "हां," म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदा ऐकला :-)

तर सध्या आमच्या बाल्कनीत वाटणी अशी आहे. ढोबळ काम, म्हणजे मागची जमीन खोल उकरणं, जुन्या टूलवर, कॉलेट आणि स्पॅनरने. ते मी करतो, शनिवार-रविवार, बाबांनी पेन्सिलीने आखून दिलेल्या रेषेच्या दोन मिमी अलीकडे थांबून. ("अलीकडे" हा शब्द ते फार जोर देऊन म्हणतात.) बारीक काम, चेहरा, सोंडेच्या वळ्या, मुकुटाची नक्षी, हे बाबांचं, डेंटल हँडपीसवर, आठवडाभर केव्हाही, कोणालाही हाक न मारता. आणि बिनचावीचा चक? तो फेकलेला नाही. बारीक ड्रिलने भोकं पाडायला आणि पॉलिशचा फेल्ट लावून कमी स्पीडवर घासायला तो उत्तम आहे. ज्या कामासाठी केलाय ते काम तो चोख करतो. त्याला भलत्या कामाला मीच लावलं होतं.

ज्यांना हा नाद लागायची शक्यता आहे त्यांच्यासाठी बाबांचे नियम देऊन ठेवतो. कॉलेट रिकामं कधी आवळायचं नाही, आत बिट किंवा निदान दांडीचा तुकडा हवाच, नाहीतर चिरा कायमच्या मिटतात. दांडी तळापर्यंत घालून मग केसभर मागे घ्यायची, आणि टोक होता होईल तेवढं आखूड ठेवायचं. कॉलेटमधला भुसा रोज ब्रशने झाडायचा. नवा बिट लावला की टूल अंगापासून लांब धरून आधी कमी स्पीडवर फिरवायचं, आवाज ऐकायचा, मग वाढवायचा. हातमोजे आणि लोंबणाऱ्या बाह्या नकोत, गॉगल हवाच. मास्कही हवाच. लाकडाची धूळ माणसाला कॅन्सर करू शकते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलंय, आणि बंद बाल्कनीत धूळ कुठेच जात नाही, ती फक्त आईच्या तुळशीवर बसते.

बाबांचा अंगठा बरा झालेला नाही. तो होणारही नाही, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. थंडीत जास्त दुखतो. पण आपण "त्याच्या हातून आता होत नाही" असं जेव्हा म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा न होणारी गोष्ट फार छोटी असते. बाबांच्या बाबतीत ती एक नट होती. नजर, रेषा, लाकडाचा उभा-आडवा तंतू ओळखणं, कुठे थांबायचं ते कळणं, यातलं काहीच गेलं नव्हतं. एका नटापायी ते सगळं कपाटामागे चादरीत जाऊन उभं राहिलं होतं, आणि मी "नीट आवळला नसेल" म्हणून मोकळा झालो होतो. त्याबद्दल मी अजून त्यांना सॉरी म्हटलेलं नाही. आमच्यात तसं म्हणायची पद्धत नाही. मी ढोबळ काम रेषेच्या अलीकडे थांबवतो, त्यातून त्यांनी काय ते समजून घ्यावं.

अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत झाली. गणेशपट्टी दारावर चढली, पण पूर्ण होऊन नाही. घाई करायला बाबांनी साफ नकार दिला. पूजा झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात स्क्रू काढून ती परत निगडीच्या बाल्कनीत आणली. सध्या आमच्या गणपतीला मुकुट आहे, सोंड आहे, मोदकही आहे, फक्त उंदीर नाही. उंदीर अगदी बारीक आहे म्हणे, सवडीने करायचा.

हे लिहितोय तेव्हा शनिवार सकाळचे पावणेनऊ वाजलेत. बाल्कनीतून आवाज येतोय. पूर्वीसारखा घुंईंईं नाही, नव्या हँडपीसचा आवाज पातळ आहे, सुंईंईं असा. मधेच थांबतो, टिक् ऐकू येतं, आणि परत सुरू होतो. चहा टाकतो आता.